ओकाखालून जाणारी वाट

पेत्रोव्रिसीहून खालच्या पुलापर्यंत जायचे दोन मार्ग आहेत. एक डांबरी, नऊ किलोमीटरचा, डोंगराला वळसे घालत उतरणारा. दुसरी पायवाट, जेमतेम चार किलोमीटरची. ती गावामागच्या देवराईत शिरते, कड्याच्या पायथ्याला चिकटून उतरते आणि जुन्या नगराच्या तटाला डाव्या हाताला ठेवून पुलापाशी निघते.

या पायवाटेने झीसिसने सव्वीस वर्षे टपाल नेले. तो निवृत्त झाला त्या वर्षी खात्याने गाडी सुरू केली आणि पत्रे डांबरी रस्त्याने येऊ लागली. त्यानंतर वाटेला वाली उरला नाही. गावात शेळ्या पाळणारे दोघेच राहिले होते आणि तेही कळपामागून जीपने हिंडत.

वाटेला किती आयुष्य असते हे झीसिसला ठाऊक होते. पाय पडले नाहीत तर पहिल्या वर्षी गवत, दुसऱ्या वर्षी काटे, आणि तिसऱ्या वर्षी वाट नेमकी कुठून जात होती यावर म्हाताऱ्यांचे वाद. आया मारिनाच्या, म्हणजे संत मारिनाच्या, लहानशा चर्चकडे जाणारी वाट अशीच त्याच्या डोळ्यांदेखत गेली होती. म्हणून सहा वर्षांपूर्वी यानेना शहरातल्या धावणाऱ्यांच्या क्लबची माणसे डोंगरातल्या शर्यतीसाठी मार्ग शोधत गावात आली, तेव्हा एरवी कॉफीघरात पेपरामागे तोंड लपवून बसणारा झीसिस उठून उभा राहिला आणि म्हणाला, "माझ्याकडे एक वाट आहे." एवढे बोलून त्याचे कान लाल झाले होते असे कॉफीघरवाला कोझमास अजून सांगतो.

तेव्हापासून दर सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी एकोणीस किलोमीटरची शर्यत होते. डोंगरावरून, शेतांतून आणि या वाटेवरून दीडशेच्या आसपास माणसे धावत जातात. त्याआधी उन्हाळाभर सरावाला येणारे वेगळे. एवढे पाय वाटेला पुरत.

झीसिसचा ऑगस्ट वाट साफ करण्यात जाई. देवराईबाहेर तो कोयत्याने काटे तोडी. देवराईच्या आत मात्र कोयता पिशवीत जाई आणि सुतळीचा गुंडा बाहेर येई. तिथल्या झाडाझुडपाला लोखंड लावायचे नाही. वरचा कडा गावावर कोसळू नये म्हणून अडीचशे वर्षांपूर्वी बिशपने हे रान शाप घालून राखले होते. जो इथे लोखंड चालवील किंवा इथली काटकी बाहेर नेईल त्याच्या घरावर सात पिढ्या बहिष्कार. तेव्हा झीसिस वाटेवर आलेल्या काटेरी वेली हळूच मागे ओढून खोडांना सुतळीने बांधून ठेवी. शर्यत झाली की सोडून देई.

"झीसी," कोझमास त्याला विचारी, "यंदा फिती कुठल्या चवीच्या आणल्यास?"

दोन वर्षांपूर्वी मार्ग दाखवायला बांधलेल्या लाल-पांढऱ्या फिती शेळ्यांनी खाल्ल्या होत्या आणि अकरा धावपटू थेट एका गोठ्यात पोचले होते. तेव्हापासून तो फिती उंच बांधत असे. शेळ्या मागच्या पायांवर उभ्या राहू लागल्या होत्या.

यंदा शर्यतीच्या आदल्या गुरुवारी रात्रभर वारा सुटला. शुक्रवारी सकाळी झीसिस फिती तपासायला निघाला आणि देवराईच्या मध्यावर, जिथे वाट सर्वांत अरुंद आहे तिथे, त्याला थांबावे लागले.

तिथला मोठा ओक आडवा झाला होता. दोघांच्या कवेत जेमतेम मावणारे खोड वाटेवर बरोबर काटकोनात पडले होते. उजवीकडे उपटलेल्या मुळांचा भिंतीएवढा गड्डा कड्याला टेकला होता. डावीकडे फांद्यांचा पसारा पुरातत्त्व खात्याच्या कुंपणापर्यंत गेला होता आणि कुंपणापलीकडे जुन्या नगराचा तट होता, मोठमोठ्या दगडांचा, दोन हजार वर्षांहून जुना. खोडाची वरची कड झीसिसच्या छातीला लागत होती. खाली वीतभर फट होती. त्याने फटीत हात घालून पाहिला, का ते त्यालाही कळले नाही. मग तो गावात परत आला.

दुपारी क्लबचा आर्गिरिस यानेनाहून आला. हा शाळेत व्यायाम शिकवणारा, पस्तिशीचा, चालतानासुद्धा पळण्याच्या बेतात असल्यासारखा दिसणारा माणूस. त्याने जीपच्या मागून पेट्रोलवर चालणारी करवत काढली आणि तिघेचौघे मिळून ओकापाशी गेले.

"बार्बा झीसी, दहा मिनिटांचं काम आहे," आर्गिरिस म्हणाला. झीसिसला तो काका म्हणावे तसे बार्बा म्हणे. "दोन काप मारायचे, मधला तुकडा लोटून द्यायचा."

"मारा की," कोझमास म्हणाला आणि चार पावले मागे सरला.

पाद्री पापा-थोमास सोबत होते. त्यांच्याकडे आर्गिरिसने पाहिले. "पापा, तुम्ही शाप उचलू शकत नाही का? एका दिवसापुरता?"

"बाळा, मी साधा पाद्री. बिशपनं बांधलेली गाठ बिशपनंच सोडायची. ते परवापर्यंत परदेशी आहेत. आणि असते तरी पळण्याच्या शर्यतीसाठी सोडली असती असं मला वाटत नाही."

"पण झाड तर मेलंय."

"पडलंय," कोझमास म्हणाला. "मेलंय असं कोण म्हणालं? आमच्या आजोबांच्या भावानं असंच पडलेलं लाकूड नेलं होतं. त्याच हिवाळ्यात गाय गेली, मग मेव्हणा गेला."

"मेव्हण्याचं वय काय होतं?"

"ब्याण्णव. पण गाय तरुण होती."

झीसिस म्हणाला, "मी नाही मानत हे." तो मानत नसे हे सगळ्यांना माहीत होते. त्याच्या घरात देवाच्या चित्रापेक्षा पुस्तके जास्त होती. आर्गिरिसने लगेच करवत त्याच्यापुढे धरली.

झीसिसने ती घेतली. चांगलीच जड होती. त्याने दोरी ओढण्यासाठी मूठ पकडली आणि तसाच उभा राहिला. बराच वेळ झाला.

"काय झालं?"

"माझी मुलगी मेलबर्नला आहे," झीसिस म्हणाला. "सातवा महिना चालू आहे."

"त्याचा इथं काय संबंध?"

"शाप माणसावर येत नाही, घरावर येतो."

"पण तुम्ही तर मानत नाही ना!"

"मी नाही मानत. पण तिला विचारल्याशिवाय कसं..." आणि त्याने करवत परत दिली.

आर्गिरिसने करवत हातात घेतली, ओकाकडे पाहिले, मग तटाकडे पाहिले. त्यालाही घरी दोन मुले होती. "तसंही पेट्रोल कमीच आहे," तो म्हणाला. त्याला कोणी हसले नाही.

परत येताना आर्गिरिसने काय ते स्पष्ट सांगितले. माणसे खोडावरून चढून गेली असती. पण बचाव पथकाचा नियम होता की मार्गावर कुठेही माणूस पडला तर स्ट्रेचर दोघांच्या हातून जायला हवे. ते जात नसेल तर पथक सही करत नाही आणि सही नसेल तर शर्यत नाही. शनिवारी संध्याकाळी पाचपर्यंत स्ट्रेचर जाण्याजोगी जागा झाली तर ठीक, नाहीतर शर्यत डांबरी रस्त्याने जाईल.

"या वर्षी," झीसिस म्हणाला.

आर्गिरिसने करवत दुसऱ्या हातात घेतली. "बार्बा, खोटं कशाला बोलू. समितीत बरेच जण डांबरी रस्ताच बरा म्हणतात. गाड्या जातात, वेळ चांगली लागते. मीच दरवर्षी भांडतो. एकदा तिकडून गेली की परत इकडे आणणं मला जमणार नाही."

संध्याकाळी झीसिस चर्चमध्ये गेला. शापाचा मजकूर तिथे चौकटीत लावलेला होता. जुनी, वळणदार, अर्धी पुसट भाषा. गावातल्या सगळ्यांनी तो मजकूर पाहिला होता, वाचला कोणीच नव्हता. झीसिसने चष्मा पुसून तो तीनदा वाचला आणि पापांना बोलावले.

"इथं बघा. लोखंड खोडाला, फांदीला, सालीला, मुळाला. आणि बाहेर नेणं. काटकी, पान, फळ. मातीबद्दल काही आहे का?"

पापांनी बोट ठेवत वाचले. "मातीबद्दल नाही."

"म्हणजे खोडाखालची माती काढली, मुळांना धक्का लावला नाही, माती तिथंच बाजूला ठेवली, तर?"

पापांनी दाढीवरून हात फिरवला. "तर ते बिशपला सुचलं नव्हतं असं म्हणावं लागेल."

राहिली पोलिक्सेनी. तटाच्या कुंपणापासून पन्नास पावलांच्या आत फावडे मारायचे तर तिला विचारल्याशिवाय इलाज नव्हता. ती पुरातत्त्व खात्याची रखवालदार, एकतीस वर्षांपासून. खाकी जाकीट, गळ्यात शिट्टी. जुन्या नगराच्या वरच्या दरवाजापाशी खुर्ची टाकून ती दिवसभर बसे आणि तटावर कोणी पाय ठेवला की शिट्टी वाजवी. एकदा तिने दमून दगडावर टेकलेल्या मंत्र्यासाठीही वाजवली होती. झीसिस आणि ती शाळेत एका बाकावर होते. तेव्हाही बाकावरच्या रेघेपलीकडे त्याचा हात आला की ती कोपर मारी.

तिने दारातच ऐकून घेतले. हात पिठाचे होते.

"खणायला परवानगी लागते. यानेनाचं ऑफिस सोमवारी उघडतं."

"शर्यत रविवारी आहे, पोलिक्सेनी."

"मला कॅलेंडर वाचता येतं." तिने हातांचे पीठ झटकले. "पालापाचोळा आणि वरची भुसभुशीत माती साफ करायला मी नाही म्हणणार नाही. झाड पडल्यावर वाट साफ करतात, तसं. हात कोपरापर्यंत जाईल एवढंच खोल. मी समोर बसणार. माती, मूळ आणि नुसता दगड सोडून चौथं काही दिसलं की थांबायचं आणि मला दाखवायचं."

"चौथं काही दिसणार नाही."

"तुला कसं माहीत? आत्तापर्यंत तिथं कोणी फावडं मारलेलंच नाही."

शनिवारी सकाळी सातला आठ जण कुदळी, फावडी आणि टोपल्या घेऊन देवराईत गेले. पोलिक्सेनी घडीची खुर्ची, कॉफीचा थर्मास आणि विणकाम घेऊन आली आणि खोडापासून तीन पावलांवर बसली. कोझमासने काम सुरू करण्याआधी छातीवर क्रूस केला.

"देवा, आज पूर्वजांचं काही सापडू देऊ नकोस. त्यांचं तिथं सुखात चाललंय, आमचं इथं चालू दे."

सगळे हसले, पोलिक्सेनी सोडून. गावात लेफ्तेरच्या घराची गोष्ट सगळ्यांना पाठ होती. त्याने शौचाच्या टाकीसाठी खड्डा खणला आणि त्यात थडगे निघाले. खात्याने खड्ड्यावर पत्रा टाकला. तिसरे वर्ष चालू होते आणि लेफ्तेरचे सगळे घर अजून शौचाला शेजाऱ्याकडे जात होते.

"शेजाऱ्याचीसुद्धा टाकी भरत आलीय," लेफ्तेरची बायको फावडे मारता मारता म्हणाली. "आता तो नवी खणायची म्हणतोय. मी म्हटलं, भाऊ, जपून."

काम चिवट होते. माती फार नव्हती, पण मुळे होती. आजूबाजूच्या झाडांची बोटाएवढी, मनगटाएवढी मुळे आडवीतिडवी गेली होती आणि त्यांना धार लागू द्यायची नव्हती. मूळ दिसले की कुदळ बाजूला ठेवून हातांनी उकरायचे. माती टोपलीत भरून वाटेच्या कडेला ओतायची, देवराईबाहेर न्यायची नाही. खोडाखालून दोन्ही बाजूंनी बोगदा जोडत आणायचा होता. आर्गिरिसने काठीवर खूण करून दिली होती, एवढी उंची, एवढी रुंदी. झीसिस दर थोड्या वेळाने काठी धरून बघत होता.

"मोजून वाढत नाही ते," कोझमास म्हणाला.

बारा वाजले तेव्हा बोगदा आरपार झाला. एक माणूस पोटावर सरपटत इकडून तिकडे गेला आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. अजून दीड वीत खोली हवी होती. लेफ्तेरच्या बायकोने पालेभाजी भरलेली भाजकी पोळी कापली, सगळ्यांनी उभ्या उभ्या खाल्ली. मग ऊन चढले तसे एकेक जण तासाभरासाठी घरी गेला. तीनला परत येतो म्हणाले. झीसिस गेला नाही.

दीडच्या सुमारास कुंपणाच्या वरच्या टोकाला शेळ्यांच्या घंटा वाजू लागल्या. पोलिक्सेनी विणकाम खुर्चीवर ठेवून उठली. "ती पांढरी परत तटावर चढली. आलेच. तू हात चालवू नकोस मी येईपर्यंत."

"बरं," झीसिस म्हणाला.

पण हात चालू होता, आणि चालू असलेला हात लगेच थांबत नाही. खुरप्याने तो कडेची माती सैल करत होता. काहीतरी घासले. दगडाचा आवाज नव्हता, मऊ होता. त्याने बोटांनी माती झटकली. अंजिराएवढा भाजल्या मातीचा गोळा, खाली रुंद, वर निमुळता, आणि वरच्या टोकाशी आरपार छिद्र. त्याने तो उचलला आणि तळहातावर घेतला.

काय आहे ते त्याला लगेच कळले. यानेनाच्या संग्रहालयात असे गोळे काचेखाली होते, आणि त्याच्याकडच्या दोन पुस्तकांत चित्रे होती. उभ्या मागावर ताण्याचे धागे खाली ओढून धरायला बांधायचे वजन. एका बाजूला अंगठ्याचा ठसा होता. माती ओली असताना कोणीतरी दाबलेला. झीसिसने आपला अंगठा त्यात ठेवून पाहिला. ठसा लहान होता.

त्याने वर पाहिले. पोलिक्सेनी दिसत नव्हती. तिचा आवाज दुरून येत होता, शेळ्यांना आणि शेळ्यांच्या मालकाला एकाच दमात शिव्या घालणारा.

एक वजन कुठूनही येते, त्याने स्वतःला सांगितले. पावसाने वाहत येते, उंदीर ओढून आणतो. अशी डझनावारी काचेखाली पडली आहेत, ज्यांच्याकडे कोणी बघतही नाही. आणि वाट एकच आहे. त्याने वजन सदऱ्याच्या खिशात टाकले. खिसा खाली ओढला गेला.

मग त्याने खुरप्याचे तीन घाव घातले. चौथ्याला परत तोच मऊ आवाज आला.

दुसरे वजन पहिल्याच्या जागेपासून वीतभर अंतरावर होते. झीसिसने आता खुरपे ठेवले आणि फुंकर घालत, बोटाच्या टोकाने माती सारली. तिसरे दिसले, त्याच रेषेत. त्यापुढे चौथ्याची पाठ. त्यांच्या खालची माती काळी होती, जळल्यासारखी.

पुस्तकात हेही होते. माग भिंतीशी उभा असतो, घराला आग लागते, धागे जळतात आणि वजने जिथल्या तिथे, ओळीने खाली पडतात. ओळ सापडली तर घर कुठे होते, भिंत कुठे होती, बाई कुठे उभी राहून विणत होती, सगळे कळते. तेही ओळ मोडली नसेल तर. आणि ओळ सरळ बोगद्याच्या मधोमध जात होती. अजून दीड वीत खणायचे म्हणजे ती टोपलीत भरून वाटेच्या कडेला ओतायची.

झीसिस टाचांवर बसला. त्याला आया मारिनाची वाट आठवली नाही की शर्यत आठवली नाही. खिशातले वजन छातीला लागत होते तेवढेच जाणवत होते. त्याने ते बाहेर काढले. जिथून उचलले तिथे मातीत खळगा होता. त्याने वजन त्यात ठेवले. मग त्याला शंका आली. छिद्र वरच्या अंगाला होते, की कड्याच्या बाजूला वळलेले होते? त्याने ते फिरवले. परत पहिल्यासारखे केले. दोन्ही वेळा ते खळग्यात सारखेच बसले.

"पोलिक्सेनी," त्याने हाक मारली. शेळ्यांच्या घंटांत ती विरली. त्याने परत हाक मारली.

ती आली, गुडघे धरत खाली बसली आणि वाकून बोगद्यात पाहू लागली. मग तिने पहिल्या वजनाकडे बोट केले.

"हे तू उचललंस."

"हो."

"बाकीच्यांवर माती चिकटलेली आहे. हे पुसलंयस."

"हो."

"मग परत ठेवलंस. मधे कुठं होतं?"

"खिशात."

"किती वेळ?"

"तीन घाव." त्याने बोटांची माती झटकली. "छिद्र कुठल्या बाजूला होतं ते मला आता नक्की सांगता येत नाही."

पोलिक्सेनीने त्याच्याकडे पाहिले, शाळेत पाहायची तसे. मग ती उठली आणि शिट्टी वाजवली. तिथे झीसिसशिवाय कोणी नव्हते, पण नियम होता.

तीनला बाकीचे परत आले. ओकाखाली ताडपत्री अंथरलेली होती आणि तिच्या चारी कोपऱ्यांवर नुसते दगड ठेवलेले होते. पोलिक्सेनी फोनवर बोलत होती. कोझमासने ताडपत्रीकडे पाहिले, झीसिसकडे पाहिले आणि टोपी काढून मांडीवर आपटली.

"कोण होतं इथं?"

"मीच होतो."

"दुसरं कोणी नाही?"

"नाही."

"सव्वीस वर्षं गावाची पत्रं पोचवलीस," कोझमास म्हणाला, "लोकांची लफडी, नोटिसा, सगळं माहीत असून कधी तोंड उघडलं नाहीस. आज एक दिवस गप्प बसता आलं नाही तुला?"

लेफ्तेरच्या बायकोने फावडे खांद्यावर टाकले. "बोलू नका त्याला. निदान त्याची टाकी तरी नव्हती."

पाचला आर्गिरिस आला. त्याने काठी लावून पाहिली, गरज नसताना. माणूस गेला असता, स्ट्रेचर जात नव्हते. त्याने झीसिसच्या पाठीवर हात ठेवला आणि तो फिती काढून घ्यायला निघाला. झीसिसही निघाला. उंच बांधलेल्या फिती काढायला आर्गिरिसला टाचा उंचवाव्या लागत नव्हत्या, झीसिसला दगडावर चढावे लागत होते.

रविवारी शर्यत डांबरी रस्त्याने गेली. झीसिस झऱ्यापाशी पाण्याचे पेले भरत उभा होता. पहिल्या आलेल्याने आधीच्या सगळ्या वर्षांपेक्षा चांगली वेळ दिली. पाय मुरगळलेला एकही नव्हता. आर्गिरिस नंतर येऊन म्हणाला, "लोक खूश आहेत, बार्बा," आणि हे बोलून त्याला स्वतःलाच बरे वाटले नाही हे झीसिसला दिसले.

"असणारच," झीसिस म्हणाला. "रस्ता चांगला आहे."

घरी जाऊन त्याने देवराईतल्या वेलींच्या सुतळ्या सोडून यायचे ठरवले, दरवर्षीप्रमाणे. पण त्या दिवशी गेला नाही. दुसऱ्या दिवशीही गेला नाही. एकदा सोडल्या की त्या परत कशासाठी बांधायच्या हे त्याला सुचेना.

मंगळवारी सकाळी दारावर थाप पडली. पोलिक्सेनी होती, खाकी जाकीट, हातात वही.

"यानेनाहून पत्र आलंय. माणसं पाठवतील. कधी ते लिहिलं नाही. बहुतेक पुढच्या उन्हाळ्यात, पैसे मंजूर झाले तर. तोपर्यंत रखवालदारानं एक दिवसाआड जागेवर जाऊन ताडपत्री बघायची आणि वहीत नोंद करायची."

"बरं मग?"

"बरं मग काय? वरच्या दरवाजातून तिथं जाता येत नाही, मधे कुंपण आहे. देवराईतून उतरावं लागतं. माझे गुडघे तुला माहीत आहेत. तू उचललंस ना ते? मग तूच चल."

झीसिस बूट घालायला आत गेला. काठी घेतली आणि थोडा विचार करून सुतळीचा गुंडाही घेतला.

तेव्हापासून ते एक दिवसाआड जाऊ लागले. ऑक्टोबरात सगळी पाने गळाली आणि वाट दिसेनाशी झाली, तेव्हा पोलिक्सेनी काठीने पाने सारत पुढे चाले आणि झीसिस मागे राहिलेली बाजूला करी. ताडपत्री ओकाच्या खोडाखाली, पलीकडच्या कडेला होती. तिच्यापर्यंत जायला बोगद्याच्या अलीकडच्या अर्ध्या भागातून सरपटत जावे लागे. पहिले काही दिवस पोलिक्सेनी त्याला आत पाठवी आणि स्वतः बाहेर वही धरून उभी राही.

"कोपरे?"

"जागेवर."

"पाणी?"

"नाही."

"खरं सांग."

"थोडं आहे."

मग तिचा त्याच्यावर विश्वास बसेना म्हणून ती स्वतःच सरपटू लागली, शिव्या देत.

नोव्हेंबरात मेलबर्नला मुलगी झाली, साडेतीन किलोची. झीसिसने फोटो दाखवला तेव्हा पोलिक्सेनीने फोन डोळ्यांपासून लांब धरून पाहिला. "करवत चालवली नाहीस ते बरं झालं."

"मी मानत नाही ते."

"माहीत आहे. तरी बरं झालं."

त्याला खूप दिवस एक विचारायचे होते. ते त्याने जानेवारीत विचारले. बर्फ होते, वाटेवर फक्त त्यांच्याच दोघांच्या जाण्यायेण्याच्या खुणा होत्या. "त्या पहिल्या वजनाचं वहीत काय लिहिलंस?"

तिने वही काढली, हातमोजा दातांनी ओढला, आणि पान उघडून त्याच्यापुढे धरले. लिहिले होते: पहिले वजन खोदणाऱ्याने उचलले व परत ठेवले. छिद्राची दिशा खात्रीची नाही.

"नाव नाही?"

"वहीत नावाचा रकाना नाही."

मार्चपासून काटे फुटू लागले. झीसिस वेली मागे ओढून धरी आणि पोलिक्सेनी सुतळीची गाठ मारी. तिच्या गाठी त्याच्यापेक्षा चांगल्या बसत, आणि हे ती दर खेपेला सांगे. खात्याची माणसे येणार की नाही याची अजून बातमी नव्हती.

मेमध्ये एका सकाळी आर्गिरिसचा फोन आला. शर्यतीचे काही नव्हते, ती डांबरी रस्त्यानेच होणार होती. पण त्याच्याकडे बाराजण होते ज्यांना डांबरावर पळायचा कंटाळा आला होता. रविवारी सहज येऊ म्हणत होते, नंबर नाही, घड्याळ नाही.

"बार्बा, वाट बुजली असेल ना एव्हाना?"

"नाही. उघडी आहे," झीसिस म्हणाला. "ओकावरून चढून जावं लागेल. खालून जायचं नाही, तिथं ताडपत्री आहे."

"चढू की. पण उघडी कशी राहिली? तिकडून जातं कोण?"

"आम्ही दोघं. एक दिवसाआड."

पलीकडून आर्गिरिस आणखी काही विचारत होता, पण झीसिसला फोन ठेवावा लागला. पोलिक्सेनी त्याच्या दारच्या पायऱ्या उतरून वळणापर्यंत पोचली होती आणि ती कोणासाठी थांबत नसे.